शिवप्पाच्या रुमालाखाली

उदगीरच्या शिवप्पाच्या घरात अंडं येत नाही. केक आणायचा तरी दुकानदाराला शपथ घालून विचारायचं. आणि हाच शिवप्पा दर रविवारी दुपारी चार वाजता आपल्या रिकाम्या गोठ्यात बसून पडद्यावर मुंडकी उडताना बघतो, तेही मन लावून. रक्ताची चिळकांडी उडाली की तो गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत गच्च झाकून धरतो. देवाला उगीच त्रास नको. स्वतःचे डोळे मात्र त्यानं कधी झाकले नव्हते.

"अंडं चालंना तुमाला, आन् माणसाची आतडी चालत्यात?" त्याची बायको सिद्धम्मा विचारते.

"आतडी खायला कुठं देऊन राहिले? बघायलाच हायत," हे शिवप्पाचं ठरलेलं उत्तर.

शिवप्पा बैलबाजारातला दलाल. चाळीस वर्षं त्यानं देवणी बैलांचे सौदे केले, तेही जुन्या रीतीनं. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा आणि गिऱ्हाइकानं त्याच्या आत दलालाची बोटं धरायची. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. त्यावर भाव ठरायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी आकडा दोघांनाच कळायचा. कोणी किती बोटं धरली हे शिवप्पानं सिद्धम्मालासुद्धा कधी सांगितलं नाही, आणि सिद्धम्मा काही थोडंथोडकं खोदून विचारणारी बाई नव्हे. पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, बाजार आटला. गोठा रिकामा झाला. रुमाल तेवढा खांद्यावर राहिला.

या गोठ्यात सिनेमा आणला तो धम्मानंद सरांनी. सर हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले. तीस वर्षांत एकाही पोराचा अर्धा गुण वाढवला नाही असं ते स्वतःच सांगत, आणि गावातले नापास लोक त्याला दुजोरा देत. प्रोजेक्टर सरांचा, भिंतीवरची चादर सिद्धम्माची, उजेड अडवायला दारं-खिडक्यांवर पोती शिवप्पाची. गव्हाणीच्या कठड्यावर सगळे ओळीनं बसायचे. सरांशिवाय आणखी तिघं होते. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या रेणुका सिस्टर, एसटीचा माजी ड्रायव्हर मलप्पा, आणि मोबाइलच्या दुकानाचा रविकिरण. पहिल्या दहा मिनिटांत कोणी मेलं नाही तर रविकिरणला झोप लागते.

भांडण कायम एकच.

"जुन्या सिनेमात माणूस गेला की समई विझायची. बास. आपल्याला कळायचं," सर म्हणायचे. "आता आधी करवत दाखवतात, मग करवतीचं काम दाखवतात."

"समई विझली की मला वाटायचं तेल संपलं," मलप्पा म्हणायचा.

रेणुका सिस्टरांची तक्रार वेगळी. "एवढं रक्त गेल्यावर माणूस बोलत नसतंय वो. ह्यो बाबा मरता मरता भाषण करून राहिलाय. आन् रक्त एवढा वेळ लालभडक ऱ्हात न्हाई, काळं पडतंय."

एकदा रविकिरणनं सरांच्या सगळ्यात लाडक्या काळ्या-पांढऱ्या सिनेमाला तोंडावर पाचात एक गुण दिला. दोन रविवार सर फिरकले नाहीत. प्रोजेक्टरही फिरकला नाही. तेव्हा शिवप्पानं रुमाल काढला. सिनेमा संपला की एकेकानं रुमालाखाली हात घालायचा, जितके गुण तितकी बोटं धरायची, आणि शिवप्पानं फक्त सरासरी सांगायची. कोणी किती दिले ते रुमालाखालीच राहणार. शिवप्पा स्वतः गुण देत नसे. दलालानं बैल घ्यायचा नसतो.

तेव्हापासून गोठ्यात शांतता झाली. शिवप्पाची मात्र करमणूक दुप्पट झाली. मारामारीचा भक्त म्हणून मिरवणारा मलप्पा रडक्या सिनेमाला अख्खा पंजा देतो, आणि भुताला हसणाऱ्या रविकिरणचा हात बर्फासारखा गार पडलेला असतो, हे सगळ्या उदगिरात एकट्या शिवप्पाला माहीत होतं. माणसाचं तोंड एक बोलतं आणि हात दुसरंच, हे त्यानं बाजारात पाहिलेलं होतंच.

मग उज्वलाचं प्रकरण झालं. उज्वला सरांची धाकटी मुलगी. दोन वर्षं लातूरला राहून तलाठ्याच्या परीक्षेचा क्लास करत होती, म्हणजे सरांना तसं वाटत होतं. एक दिवस भोकरहून सरांच्या मेव्हण्याचा फोन आला: "दाजी, माझा मुडदा लई भारी वठलाय!" सरांना आधी काही कळेना. मग कळलं की पोरीनं क्लास सोडून मामाच्या गावी बावीस मिनिटांचा भयपट काढलाय, आणि तो पाहून पुण्यातल्या एका दिग्दर्शकानं तिला सहायक म्हणून बोलावलंय. सोमवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं.

चौथ्या दिवशी सर म्हणाले, "गोठ्यात दाखव. सरासरी चार आली तर जा पुण्याला. चाराच्या खाली आली तर मुकाट्यानं क्लास. मीही गुण देणार, सांगून ठेवतो."

"चालेल," उज्वला म्हणाली. तिचं तोंड मात्र एवढंसं झालं होतं. बापाचे गुण तिला पहिलीपासून माहीत होते.

रविवारी सिनेमा लागला. गोष्ट मिरची कांडपाच्या गिरणीतली. कामाला असलेल्या बाईची दोन बोटं यंत्रात जातात. मालक ती वर्तमानपत्रात गुंडाळून फेकतो, बादलीभर पाणी ओततो आणि यंत्र पुन्हा सुरू करतो. मग ज्या ज्या घरी ते तिखट गेलेलं असतं, तिथल्या कालवणातून रक्त उकळायला लागतं. रक्त काकवीत रंग कालवून केलेलं होतं. त्यामुळं मुंग्या लागल्या होत्या आणि एका दृश्यात मेलेला मामा पाय खाजवताना स्पष्ट दिसत होता. मलप्पा खो खो हसला.

बोटांच्या दृश्याला मात्र कोणी हसलं नाही. ते पोरीनं सगळं दाखवलं होतं, कॅमेरा कुठंही न हलवता. शिवप्पानं डबीवर मूठ आवळली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःचे डोळेही मिटले. सरांची आई नागुबाई त्यानं पाहिलेली होती. अशाच एका गिरणीत तिची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. राहिलेल्या तीन बोटांनी ती भाकरी थापायची, आणि कोणी त्या हाताकडं बघितलं की पदराआड घ्यायची.

पोती बाजूला झाली, उजेड आला. सर ताडकन उठले. "रक्ताचा बाजार मांडलाय हिनं! एवढं दाखवायचं कशाला? समई विझवली असती तर काय बिघडलं असतं?"

"आज्जीच्या वेळी कुणी समई विझवली होती का, बाबा?" उज्वला म्हणाली.

शिवप्पानं हातावर रुमाल टाकला.

मलप्पा पुढं आला. "एक नंबर पोरी! टाळ्याच टाळ्या!" असं ओरडत त्यानं रुमालाखाली दोन बोटं धरली. "फाडून टाकलंस, उज्वला," रविकिरण म्हणाला, त्याचीही दोनच. रेणुका सिस्टर म्हणाल्या, "बोट तुटल्यावर माणूस आधी वरडत न्हाई, नुसतं बघतंय. ते बरोबर दाखवलंस." त्यांनी चार बोटं धरली.

सर शेवटी आले. चेहरा दगडाचा. रुमालाखाली त्यांनी शिवप्पाचा अख्खा पंजा धरला. हात घामानं ओला होता. ते सोडीनात. शिवप्पालाच हळूच हात काढून घ्यावा लागला.

तेरा भागिले चार. शिवप्पाला हिशेबाला वेळ लागत नसे, पण त्या दिवशी तो बराच वेळ वर पत्र्याकडं बघत उभा राहिला. चार म्हणून टाकलं असतं तर कोणाला कळणार होतं? पण चाळीस वर्षांत रुमालाखालचा आकडा त्यानं कधी खोटा सांगितला नव्हता, आणि आज सांगायला जीभ उचलेना.

"सव्वातीन," तो म्हणाला.

उज्वला खाली मान घालून प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागली. "ठरल्याप्रमाणं," सर कसेबसे म्हणाले. त्यांना अर्धा गुण वाढवता येत नव्हता. मेला माणूस, वाढवायचा कसा असतो हेच विसरला होता! शिवप्पाला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली.

"मलप्पानं दोन दिले," तो मोठ्यानं म्हणाला. "रविकिरणनं दोन. सिस्टरनी चार. आन् सरांनी पाच. अख्खा पंजा, पोरी. सोडंनात."

एकच गोंधळ उडाला. "अय शिवप्पा, सांगायचं न्हाई ठरलंय की!" मलप्पा ओरडला. रविकिरणला एकाएकी दुकानाची आठवण झाली आणि तो चपला उलट्या घालून पळाला. सिस्टर पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"बाबा?" उज्वला म्हणाली.

सर गव्हाणीवर बसले. म्हणाले, "बोटं बरोबर दाखवलीस. मधलं आन् त्याच्या शेजारचं. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं गं, तुला आज्जीनंच हात दाखवला असणार." मग चष्मा पुसत म्हणाले, "रक्त जरा जास्ती झालंय. आन् मामाला पुन्हा मुडदा करू नकोस. पुण्याला फोन लाव."

शनिवारी उज्वला पुण्याच्या बसमध्ये बसली. रविवारी शिवप्पानं गोठा झाडला, पोती लावली, पण कोणी येईल याची त्याला खात्री नव्हती. ज्याच्या रुमालातलं बाहेर पडलं त्याच्या रुमालात कोण हात घालतो? बाजारात अशा दलालाला दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नसे. तरी सगळे आले. रविकिरणसुद्धा, जरा कडेकडेनं. सरांनी त्यांचा तोच लाडका काळा-पांढरा सिनेमा लावला. समई विझली, मलप्पा रडला.

सिनेमा संपल्यावर शिवप्पानं रुमाल खुंटीला अडकवला. "आता उघडच सांगा बाबांनो," तो खाली बघत म्हणाला.

सर उठले. खुंटीवरचा रुमाल काढून त्यांनी स्वतः शिवप्पाच्या हातावर टाकला आणि आत हात घातला. शिवप्पानं चमकून त्यांच्याकडं पाहिलं. सर शांतपणे भिंतीवरच्या चादरीकडं बघत होते. मग त्यांच्यामागं मलप्पा रांगेत उभा राहिला, त्याच्यामागं सिस्टर, शेवटी रविकिरण.

सरांनी त्या दिवशी किती बोटं धरली, हे सिद्धम्मा अजून विचारते आहे.