भागोजीची खेप

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत भागोजी अंगणात आला की बायका आपापल्या पोरांना घरात ओढत. माणूस गरीब स्वभावाचा. पण गाडीरस्ता नव्हता तेव्हा आजाऱ्याला डोलीत घालून खाली न्यायचं काम त्याचं. तरणे गडी मुंबईला, दवाखाना लांब. घरघर लागल्यावरच डोली उचलली जायची. गेलेलं माणूस सहसा परत येत नसे. त्याची स्वतःची सून ललिता बाळंतपणाला नेताना ओढ्यापाशीच थंड पडली. डोलीचा मागचा दांडा धरलेल्या गड्याला कळून त्याने धीर सोडू नये म्हणून पुढचा सगळा उतार तो तिच्याशी बोलत राहिला होता.

आता ओढ्यावर पूल झाला, गाडी येते. पायथ्याला उपकेंद्र उघडलं, तपासणी फुकट, गोळ्या फुकट. तरी वाडीतलं कुणी तिकडे फिरकेना. शेवटी तिथली नर्स आम्रपाली चढून आली आणि भागोजीच्या ओट्यावर टेकली.

"आजोबा, सगळं जवळ आणलं, तरी माणसं का येत नाहीत?"

"खाली गेला तो मेला, असं बसलंय डोक्यात. आन् नेणारा मीच."

"शेजारच्या आवडीला सातवा महिना आहे. पायांना सूज आलीय म्हणतात. मला तर दारच उघडत नाही ती."

भागोजीचा चेहरा उतरला. ललिताचेही पाय असेच सुजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने धुतलेला सदरा घातला आणि दारोदार सांगत सुटला, "मी दवाखान्यात चाललोय. मला काय झालेलं नाय. सांजच्याला माघारी येतो, बघा."

ओढ्यापाशी त्याचा खांदा डोलीच्या ओझ्याने खचावा तसा आपोआप खचला. मागून कुणाचा तरी धापा टाकल्यागत श्वास ऐकू येत होता. त्याने वळून पाहिलं नाही. "आलंच हां, बाय," एवढं तेव्हासारखंच म्हणून तो झपाझप उतरला.

सांजेला तो परतला तेव्हा अख्खी वाडी अंगणात उभी होती.

"काय केलं रे बाबा तुला?" आवडीने दाराआडून विचारलं.

"हाताला पट्टा बांधला, न् सोडला. रक्ताचा दाब वाढलाय म्हणाली नर्सबाय. गोळ्या दिल्या."

"मी आले तर मला उचलायचं नाय."

"नाय गो. तू तुझ्या पायांनी चल."

आवडी गेली. उपकेंद्रातून तिला तडक महाडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. काही आठवड्यांनी तिथेच मुलगी झाली, आणि दोघी गाडीने वाडीत परत आल्या. मग एकेक माणूस खाली जाऊ लागलं.

आवडीने बाळ भागोजीपुढे धरलं. त्याने हात पुढे केले नाहीत. लांबूनच वाकून बघत तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "श्वास घेतंय ना गो?"