दोन बहिणी आणि एक फुकटचा प्रोग्राम

माझा नवरा वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे तसं वाटेल. तो घाईचा माणूस आहे, इतकंच. घास चावत नाही, दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करतो, आणि आयुष्यात त्याने केलेली एकमेव मोठी गोष्ट म्हणजे एक वेगवान प्रोग्राम.

हा प्रोग्राम काय करतो ते त्याने मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. बाकीचे नवरे तेव्हा दुसरं काहीतरी बोलतात. एखादी गोष्ट का घडते याची शंभर कारणं समोर ठेवली, की प्रोग्राम त्यांतली कामाची चारपाच ठेवतो आणि उरलेल्यांपुढे शून्य मांडतो. दोन कारणं एकच गोष्ट सांगत असली तर एकच ठेवतो. असे प्रोग्राम आधीही होते, पण ते रेंगाळायचे. याचा प्रोग्राम मात्र उत्तराच्या जवळपास पोचला की थांबायचा, शेवटपर्यंत जायचाच नाही, म्हणून तो सगळ्यांच्या पुढे. शिवाय फुकट, आणि आतला कोड कुणालाही बघायला खुला. लोक कुठून कुठून त्याच्या पानावर प्रश्न टाकायचे आणि हा नोकरीवरून आला की बूटसुद्धा न काढता उत्तरं द्यायला बसायचा.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस," मी म्हणायचे.

"भाजतो, पण गरम देतो."

त्याला वाढवलं सासूबाईंनी आणि मावशीने. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी लवकर विधवा झालेल्या, आणि दोघी चिनी मातीच्या कपांच्या कारखान्यात एकाच टेबलाला. भट्टीतून आलेला कप लाकडी काठीने हळूच ठोकायचा आणि ऐकायचं. आवाज खणखणीत आला तर कप चांगला, बद्द आला तर आत कुठेतरी चीर. कप आधी मावशीपुढे यायचा, मग सासूबाईंपुढे, आणि दोघी आपापले गुण कॉम्प्युटरमध्ये टाकायच्या. पुढे कुठला कप फुटला याचीही तिथेच नोंद व्हायची. सासूबाई रागीट, हाक मारली तर ओ देतील याची खात्री नाही. मावशीला मूलबाळ नव्हतं. याला गोवर आला तेव्हा उशाशी बसली ती मावशी, पाढे पाठ करून घेतले तेही मावशीने. माय मरो पण मावशी उरो, ही म्हण कुणीतरी आमच्या घरात डोकावूनच केली असावी.

एका संध्याकाळी त्याच्या पानावर एक प्रश्न आला. विचारणाऱ्याने नाव दिलं नव्हतं. सोबत आकड्यांची फाइल होती, तिच्यातही रकान्यांना नुसती अक्षरं. 'क' आणि 'ख' हे रकाने जवळजवळ सारखेच आहेत, तुमचा प्रोग्राम 'ख'ला शून्य देतो, तर 'ख' काढून टाकला तर चालेल का? नवऱ्याने फाइल चालवली आणि लगेच लिहिलं, "बिनधास्त काढा, काही अडणार नाही." पुढे एक हसरा चेहरा. मग आम्ही जेवलो.

पुढच्या आठवड्यात मावशी आली आणि पर्स मांडीवर धरून बसून राहिली.

"मला काढलं रे," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, ताईचे गुण आणि तुमचे गुण एकच. कुठल्याशा फुकटच्या प्रोग्रामने माझ्यापुढे शून्य काढलं म्हणे. ज्याने तो लिहिला त्यालाही विचारलं त्यांनी. तो म्हणाला, बिनधास्त काढा."

मला हसू आलं. नको तेव्हा येतं माणसाला. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पलीकडे सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

मावशी गेल्यावर त्याने ती फाइल पुन्हा उघडली. लवकर थांबायची सोय बंद केली आणि प्रोग्राम शेवटपर्यंत जाऊ दिला. मी चहा ठेवला होता, तो उकळेपर्यंत उत्तर आलं. या खेपेला 'ख' राहिला आणि 'क'ला शून्य.

"'क' म्हणजे आई," तो म्हणाला. "ती आधी नोकरीला लागली, म्हणून तिचा रकाना आधी. प्रोग्रामने पहिल्या भेटलेल्यालाच सगळं श्रेय दिलं आणि उठला. खरं मावशीला ऐकू येतं. आई तिची नक्कल करते, मधूनमधून चुकते."

तो सासूबाईंच्या समोर जाऊन बसला आणि विचारलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"माझे कान केव्हाच गेलेत. ती काठी कुठल्या बाजूला ठेवते ते बघते मी. उजवीकडे चांगला, डावीकडे तडकलेला."

"साहेबांना सांगावं लागेल, आई."

"सांग की. तिला बोलाव आणि मला हाकल. आईपुढे शून्य काढायचं असेल तर काढ."

इकडे आड, तिकडे विहीर, कबूल. पण जो माणूस अनोळखी लोकांना पटापट उत्तरं द्यायचा, तो यावर गप्प बसला. मी भांडले. तो म्हणायचा, "बघू." आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कशाची घाई नव्हती. बघू बघू करत महिने गेले. मावशी एकदाही आली नाही, आणि तोही तिकडे फिरकला नाही.

टेबलावर आता सासूबाई एकट्याच होत्या आणि बघायला काठी नव्हती. त्या मनाला येईल तसे गुण टाकत होत्या. तडकलेले कप बाजारात गेले आणि लोकांच्या हातात फुटले. साहेबांनी प्रोग्राम पुन्हा चालवला, तर 'क'लाही शून्य. आपलं काही चुकलं असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. कप ठोकून काही कळतच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि सासूबाईंना घरी बसवलं. नवऱ्याच्या पानावर आभार आले: 'तुमच्यामुळे एक अख्खं टेबल कमी झालं.' हसरा चेहरा त्यांनीही टाकला होता.

मग हा धावत साहेबांकडे गेला, मागोमाग मी, आणि त्याने सगळं सांगितलं. टेबलाच्या जागी रिकामी खोकी रचली होती. साहेब म्हणाले, "आता ते प्रकरण मिटलं."

तिथून आम्ही मावशीच्या खोलीवर गेलो. तो तिच्या पायाशी बसून रडला, सगळं बोलला. मावशी ऐकून घेत होती.

"ताईला ऐकू येत नाही हे मला माहीत नसेल का रे?" ती म्हणाली. "तिला दिसावी म्हणूनच काठी तशी ठेवायचे."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"सख्ख्या बहिणीच्या पोटावर पाय देऊ? त्या दिवशी तुझं तोंड बघितलं आणि कळलं, प्रोग्राम तुझाच. म्हटलं, पोरगा हुशार आहे, शोधून काढेल आणि येईल." मग तिने विचारलं, "शोधायला किती वेळ लागला तुला?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"चहा उकळेपर्यंत," तो म्हणाला.

मावशीने मान डोलावली आणि ती आत गेली. आम्ही बराच वेळ बसलो. ती बाहेर आली नाही.