लेझीम मंडळाचा चौथा नियम

युसूफ वडगावच्या बायकांच्या लेझीम मंडळात केशरबाईंना सगळ्या जजसाहेब म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मंडळाचे अकरा नियम त्यांनीच फुलस्केपवर लिहिले होते. भांडण झालं की त्या चष्मा लावत आणि कागदावर असेल तेच, काना-मात्रेसकट वाचत.

चौथा नियम होता : सभासद गावची सूनच असावी. त्यावर बोट ठेवून त्यांनी गावच्या कितीतरी लेकी परत पाठवल्या होत्या.

यंदा आम्रपाली आली. नवरा सोडून कायमची माहेरी आलेली. ती लेझीम खेळायला लागली की म्हशीसुद्धा रवंथ विसरत. जयंतीची मिरवणूक बारा दिवसांवर होती.

"काकू, सासर सुटलं. आता लेझीमबी सोडू का?"

"नियम चार," केशरबाई म्हणाल्या, पण आवाज ढिला पडला.

"सून न्हाई ती," प्रियदर्शनी लगेच म्हणाली. रांगेत सगळ्यात पुढची जागा तिची होती.

केशरबाईंनी भाच्याला, नवनाथला, फोन लावला. तो केजच्या कोर्टात वकील.

"आत्या, राज्यघटनेत जीविताचा हक्क पहिल्यापासून हाय," तो म्हणाला. "आधी जज एवढंच विचारायचे, सरकारनं केलं ते कायद्यात बसतंय का, बास. मग म्हणाले, नुसता श्वास घेणं म्हंजे जगणं न्हाई, मानानं जगणंबी त्यातच आलं. शब्द तेच राहिले, अर्थ वाढला. तुमी नियम केला कावून, कशापायी, ते आठवा."

केशरबाईंना आठवलं. पोरी ऐन तालमीत लग्न होऊन जायच्या आणि मिरवणुकीत रांग दात पडल्यासारखी दिसायची.

संध्याकाळी तालमीत त्यांनी निकाल दिला. "नियम सुनांसाठी नव्हता, गावात राहणाऱ्यांसाठी होता. आम्रपाली राहणार हाय. घ्या तिला."

"आणि हिनं दुसरं लग्न केलं तर?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"नवऱ्याला इथंच आणीन नांदायला," आम्रपाली म्हणाली.

"मग त्यालाबी लेझीम द्यावी लागंल," प्रियदर्शनी म्हणाली. "तोबी राहणाराच."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. केशरबाईंनी कसंबसं हसू दाबलं. "त्याचा निकाल तो आल्यावर."

आम्रपाली प्रियदर्शनीच्या शेजारी उभी राहिली. पहिल्याच फेरीत दोघींची अशी चढाओढ लागली, की हलगीवाली मागं पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केशरबाईंच्या ओट्यावर चौघी बसलेल्या. एकीला हिरव्या साडीचा नियम खुपत होता, दुसरीला सासूच्या परवानगीचा, तिसरीला वयाचा. चौथीची तक्रार अजून ठरायची होती.

केशरबाईंनी चहाचं आधण वाढवलं.

"एकेक जण बोला," त्या म्हणाल्या, "आणि नियम कावून केलता, ते आधी सांगा."