पुंजाजी उस्तादांची गाठ

पुंजाजी उस्ताद कोणाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत. माणूस समोर आला की त्यांची नजर सरळ त्याच्या पायांवर जाई. पाय पाहून झाले, मनाशी काय ती पारख झाली, की मग मान वर करून "कोन गाव?" असे विचारत. पुढे तोच माणूस पुन्हा भेटला तर नाव आठवत नसे, पण "हा तो उजवा पाय ओढनारा" हे पक्के लक्षात असे.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मात्र माझे पाय त्यांना दिसत नव्हते. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली होती आणि विलायतेला एकाएकी आमच्या वऱ्हाडचा कापूस हवासा झाला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रीघ लागलेली. मी एका शेठच्या आवारात कापूस तुडवायला होतो. मोठा बोरा लाकडी चौकटीला टांगायचा, आपण आत उतरायचे, वरून कापूस पडत राहायचा आणि आपण तो पायांनी दाबत राहायचे. बाहेरून दिसते ते फक्त आपले डोके. कंटाळा येऊ नये म्हणून मी आत ठेका धरून तुडवी. एकदा वर पाहतो तर धोतर चापूनचोपून नेसलेला, गुळगुळीत तोंडाचा एक मध्यमवयीन गृहस्थ बोऱ्याच्या बुडाकडे टक लावून उभा!

"अबे, बाहेर ये," ते म्हणाले. "मले तुहे पाय पाहू दे."

मला वाटले, शेठने पाठवलेला कोणी असेल. मी घाबरून म्हणालो, "कापूस बरोबर दाबून राहिलो ना जी मी!"

"कापसाले घाल चुलीत. तू ठेका चुकत नाई. नाचशील काय?"

शेजारच्या बोऱ्यातला तुडव्या इतका हसला की त्याच्या नाकातोंडात कापूस गेला. पण मी बाहेर आलो. पुंजाजी उस्ताद म्हणजे त्या वेळी गंमतीच्या, म्हणजे आमच्याकडच्या तमाशाच्या, फडातले नावाजलेले नाच्ये. लुगडे नेसून, घुंगरं बांधून ते गिरकी घेत तेव्हा पुढे बसलेली म्हातारी माणसेसुद्धा हा पुरुष आहे हे विसरत. असा माणूस माझे धुळीने भरलेले पाय हातात घेऊन पाहत होता. मला काय, स्वर्ग दोन बोटे उरला.

फडात गेल्यावर कळले की उस्तादांना नाचाइतकाच नाचाच्या बातम्यांचा शौक होता. अकोट, बाळापूर, अकोला, जिकडून गाडी येई तिकडच्या गाडीवानाला ते आधी पाणी देत आणि मग विचारत, "काय खबर?" गाडीवान बिचारा कापसाचा भाव सांगू लागे. उस्ताद त्याला थांबवत. "तो भाव शेठले सांग. फडाची खबर सांग." मग कोणत्या फडातला नाच्या कुठे गेला, कोणाचा घोटा मुरगळला, कोणी लग्न करून नाच सोडला हे सगळे बाहेर पडे. आमच्यात नाच सोडला म्हणत नसत, 'मिशी ठेवली' म्हणत. नाच्याला मिशी चालत नाही, तेव्हा मिशी आली म्हणजे संपले. कोणी मिशी ठेवल्याचे ऐकले की उस्तादांचा हात नकळत स्वतःच्या वरच्या ओठावरून फिरे आणि ते न्हाव्याला हाक मारत.

शिकवायला ते कडक होते. जिथे नाचायचे ती जमीन आधी अनवाणी फिरून पाहायची, पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडाचा, एकही खुंट राहता कामा नये, भेगा बुजवायच्या, पाणी शिंपून चोपायची, हा पहिला धडा. "जमिनीशी बोल आंधी, मंग लोकायशी," ते म्हणत. पैसा आला होता, त्याबरोबर पैशाची मस्तीही आली होती. एका व्यापाऱ्याने एकदा आपल्या अंगणातला कापसाचा ढीग दाखवून फर्मावले, "याच्यावर नाचून दाखवा!" आमचे शाहीर, म्हणजे फडाचे मालक, तयारसुद्धा झाले. उस्ताद शांतपणे म्हणाले, "शेठजी, कापसावर झोपता येते, नाचता नाई येत. तुमी झोपा, आमी जमिनीवर नाचतो." शेठजी हसले म्हणून निभावले.

एवढा मोठा माणूस, पण एका गोष्टीत तो हटून बसला होता. फडाची रीत अशी, की नव्या नाच्याला पहिली घुंगरं त्याच्या उस्तादानेच बांधायची, आणि ज्याने बांधली त्याने त्या दिवसापासून आपली कायमची सोडायची. एका फडात मुख्य नाच्या एकच. त्यामुळे उस्ताद शिकवत सगळे, पण बांधण्याची वेळ आली की आज अमावास्या आहे, आज घुंगरांना उजाळा द्यायचाय, अशी कारणे सांगत. माझ्या आधीची तयार झालेली पोरे कंटाळून दुसऱ्या फडांत गेली होती.

माझ्यावरही ती पाळी आली. अकोटच्या फडाने निरोप पाठवला की आमच्याकडे ये, आल्या दिवशी घुंगरं बांधतो. मला नाचायचे होते, आणि उस्तादांना सोडायचे नव्हते. आमचे ढोलकीवाले चाँदभाई म्हणजे फडातले सर्वात जुने माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "किसना, पुंजाजीच्या गुडघ्यातून आवाज येते. मी ढोलकी जोरात वाजवतो ते काहून वाटते तुले? अकोल्याची गंमत होऊ दे. मंग जायचं तर जा."

अकोल्याला एका शेठच्या घरच्या लग्नात आमची गंमत ठरली होती. दुपारी उस्ताद नेहमीप्रमाणे जमीन पाहायला उतरले. मी पाण्याची घागर घेऊन मागे होतो. फिरता फिरता त्यांनी सहज एक गिरकी घेतली, आणि ती अर्ध्यावरच मोडली. ते पडले नाहीत. हलकेच खाली बसले आणि एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडत राहिले. मी भेगेत पाणी ओतत होतो, ते ओततच राहिलो.

हातातली माती झटकून त्यांनी विचारले, "अकोटवाल्याची जमीन कशी आहे?"

"मी पाह्यली नाई," मी म्हणालो.

"मुरमाड आहे. पाय सोलतात तिथं." मग त्यांनी हाक मारली, "चाँद, माही घुंगरं आन. आनि किसना, तू त्या दगडावर बस. पाय पुढं कर."

चाँदभाईंनी घुंगरांची पेटी आणून ठेवली आणि पाठ फिरवून डोळे पुसले. उस्ताद माझ्यासमोर मातीत बसले. दोर पुन्हा पुन्हा ओढून पाहत त्यांनी माझ्या दोन्ही पायांत घुंगरं बांधली. मी वाकून पाया पडायला गेलो तर म्हणाले, "आता नको वाकू, दोर ढिला होते."

त्या गंमतीत मी कसा नाचलो ते मला सांगता येणार नाही. उस्ताद पडद्यामागे माझ्याकडे पाठ करून बसले होते, एवढे आठवते. त्यांना बघवणार नाही असे मला वाटले होते. पण सकाळी त्यांनी माझ्या नाचातली एकूणएक चूक सांगितली. नुसती कानाने पकडली होती!

उजाडल्यावर मी घुंगरं सोडायला वाकलो, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "हात नको लावू. माही गाठ आहे. तुले नाई सुटाची." आणि स्वतः खाली बसून त्यांनी ती सोडली. रोज हेच. त्यांनी बांधायची, त्यांनीच सोडायची. इकडे त्यांच्या ओठावर मिशी उगवू लागली. ती पांढरी होती, विरळ होती, आणि एका बाजूला जरा जास्त होती. पण तिला ते दिवसभर पीळ देत. बातम्या विचारताना आता स्वतःच सांगत, "आमच्या फडाची खबर आयकली काय? म्या मिशी ठेवली!"

गाठीचे गुपित मला दोन-चार दिवसांतच कळले होते. दोराचे एक टोक आत खोचलेले असे. ते धरून ओढले की सारी गाठ उकले. एकटा असताना मी सोडून पाहिली, आणि तशीच पुन्हा मारून ठेवली. कोणाला बोललो नाही.

न बोलल्याचा उपयोग झाला. पुढच्या हंगामात शाहीर म्हणाले, "आता उस्तादायले उगीच गावोगाव काहून न्यायचं? घरी आराम करतीन."

मी म्हणालो, "मंग माही घुंगरं कोन सोडन? मले तर ते गाठ सुटत नाई."

चाँदभाईंनी माझ्या पायांकडे पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि ढोलकीची शाई घासू लागले. उस्तादांची जागा गाडीत पक्की झाली. पुढचे दोन-एक हंगाम ते आमच्याबरोबर हिंडले. ते सुखाचे दिवस होते. जमीन ते पाहत, नाचत मी, आणि खाताना भांडत आम्ही दोघे.

मग अमेरिकेतली लढाई संपली, कापसाचे भाव उतरले, गाड्या विरळ झाल्या. बाळापूरला आमची गंमत होती. उस्तादांची मुलगी तिथेच दिलेली. ती सकाळी गाडी जुंपवून बापाला कायमचे घरी न्यायला आली. उस्तादही आता थकले होते, त्यांनी नाही म्हटले नाही. मी नेहमीसारखा जोत्यावर बसलो आणि पाय पुढे केला.

उस्ताद उभेच राहिले. "आज तूच सोड," ते म्हणाले.

"मले नाई सुटत, उस्ताद."

त्यांनी मिशीला पीळ दिला. "लेका, नाच येते तुले, सोंग नाई येत. पह्यल्याच हप्त्यात तू गाठ सोडून पाह्यली. परत मारली ते उलटी मारली."

माझा चेहरा कसनुसा झाला. "मंग तुमी बोलले काहून नाई?"

"तू बोलला होता काय?"

एवढे म्हणून ते मुलीचा हात धरून गाडीत चढले. चढताना गाडीवानाच्या पायांकडे एकदा पाहून घेतले. बैल चालू लागले. गाडी बाळापूरच्या किल्ल्याच्या वळणाआड गेली, धूळ खाली बसली, तरी माझ्या पायातली घुंगरं मी सोडली नव्हती.