चार बॅगांची डिकी

आमची जुनी हॅचबॅक वार्षिक तपासणीत नापास झाली, तेव्हा वडिलांना जाऊन अडीच महिने झाले होते. मेकॅनिकने मान हलवली, मी "बरं" म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. पुण्याला जाऊन सगळं उरकून इकडे परदेशात, फेल्डहोवनला परतलो आणि सोमवारी ऑफिसात हजर. लोकांना वाटलं, काय खंबीर माणूस आहे! खंबीर कसला, भूल अजून उतरायची होती.

गाडी मात्र हवी होती. मग इंजिनियर माणूस जे करतो तेच केलं, एक्सेल शीट उघडली. हॅचबॅक, सेडान, स्टेशन वॅगन. वडील कायम सेडानवाले. मागे डिकी बाहेर आलेली नसेल तर ते तिला गाडी नाही, डबा म्हणायचे. बायकोला हॅचबॅक हवी होती, कारण आमच्या गल्लीत गाडी तीच लावते. मी लावायला लागलो की शेजारी खिडकीत येऊन उभे राहतात. मी मात्र लांबलचक डिकीच्या स्टेशन वॅगनवर अडून बसलो.

"एवढी लांब कशाला? तिघं तर आहोत," ती म्हणाली.

"आई आली की?"

आई येणार की नाही हेच तर कळत नव्हतं. दर उन्हाळ्यात आई-वडील दोघं तीन महिने यायचे. यंदा विषय काढला की आई म्हणायची, "बघू रे." व्हिसाचे कागद मी भरून पाठवले होते, तिची सही होत नव्हती. स्पष्ट विचारायची माझी हिंमत नव्हती. ती नाही म्हणाली असती तर? त्यापेक्षा डिकीचे लिटर मोजणं सोपं.

जुन्या गाडीच्या तपासणीची मुदत संपायला अजून आठवडा होता, म्हणून शनिवारी तिच्यातूनच शोरूममध्ये जाताना मी माळ्यावरच्या चार मोठ्या बॅगा घेतल्या. विमानातल्या, तेवीस किलोवाल्या. मुलगी मागच्या सीटवर त्यांच्याखाली कुठेतरी होती.

"प्रवासाला निघालात?" उंच सेल्समनने विचारलं.

"नाही, माप घ्यायला आलोय."

तो सभ्य माणूस होता, हसला नाही. हॅचबॅकमध्ये दोन बसल्या. सेडानमध्ये तीन. स्टेशन वॅगनमध्ये चारही बसल्या आणि झाकण लागलं. मी विजयी वीरासारखा वळलो.

"पण पप्पा," मुलगी इंग्रजीत म्हणाली, "आजी एकटीच येणार ना? मग दोनच बॅगा."

दोन माणसं, प्रत्येकी दोन. हिशेब चोख होता, माणसं चुकली होती. मी झाकण उघडलं आणि एकेक बॅग बाहेर काढू लागलो. रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

"आईंना फोन लाव," बायको म्हणाली. "आत्ता. आणि सरळ विचार."

मी व्हिडिओ कॉल लावला, पण विचारायचं सोडून डिकीच दाखवत बसलो.

"अगं बाई! भाजी विकायचीय का यात?" आई म्हणाली. आणि मग, "पुढे कोण बसतं रे?"

"तू आलीस की तू."

"ह्यांना कायम पुढेच लागायचं. इतक्या वेळा आले तुमच्याकडे, पण सगळा देश ह्यांच्या टकलाच्या कडेकडेनं बघितला." ती हसली. मग हसू थांबलं.

"आई, येतेस ना?"

"ते कागद परत पाठव. सही कुठे करायची तिथे खूण करून पाठव. आणि सीट फार खाली नको, गुडघे वळत नाहीत माझे."

मग आम्ही तिन्ही गाड्यांच्या पुढच्या सीटवर बसून पाहिलं. सेडानमध्ये अगदी जमिनीवर बसल्यासारखं वाटलं. स्टेशन वॅगनही जराशी खालीच. हॅचबॅकची सीट सगळ्यात उंच निघाली. बायको तीत बसली, उतरली, मग पुन्हा बसून, कमरेवर हात ठेवून तिने आईसारखं हळूहळू उतरून बघितलं.

"ही चालेल त्यांना," ती म्हणाली.

मी सेल्समनला म्हटलं, "ही द्या."