कोवळी ज्वारी

मी लातूरला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. सकाळी फिरायला जाते तेव्हा रिंगरोडपलीकडे शेळ्या चारणारी एक बाई दिसायची. हातात आडवी काठी, पदराच्या गाठीत कायम गुळाचा खडा. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना हिरवे कोंब फुटले होते, पण तिकडे ती एकाही शेळीला फिरकू देत नसे.

"इतकं हिरवंगार आहे, खाऊ द्या की," मी एकदा म्हणाले.

"इख हाय त्यात, मॅडम. ज्वारीला पाय हायत का पळायला? कोवळी हाय तवर इख धरती, मोठी झाली की सोडती."

वनस्पती विषानं स्वतःचा बचाव कसा करतात, यावर मी वर्गात तासभर बोलते. तिला एवढंच पुरलं.

आमच्या बोलण्याच्या नादात एका गाभण शेळीनं ते कोंब ओरबाडले. थोड्याच वेळात ती धापा टाकत आडवी झाली. बाईनं रडारड केली नाही. गाठ सोडून गूळ बाटलीतल्या पाण्यात कालवला, शेळीचं तोंड मला धरायला लावलं आणि घोटघोट पाजत राहिली. "ऊठ गं माय, ऊठ!"

अर्ध्या तासानं शेळी उठली. तिनं अंग झाडलं आणि माझी ओढणी चघळायला घेतली.

"खाऊ द्या की, मॅडम," बाई मोठ्यानं हसली, "ओढणीत इख न्हाई!"