मेणाचा पाय
अक्षर वाईट आहे, चुकाही असतील, सांभाळून घ्यावं. काल लाईट गेली, मेणबत्ती लावली आणि त्या वासानं धाकटा भाऊ आठवला. खूप वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या आमच्या चर्चची आम्ही पोरंपोरी गोव्याला संताच्या दर्शनाला निघालो होतो. जो अवयव बरा व्हायचा तो मेणाचा करून तिथं वाहतात, म्हणून भावाच्या पोलिओच्या पायासाठी मी मेणाचा पाय केला, अगदी त्याच्यासारखा वाकडा. मैत्रीण हसली, “अगं येडे, चांगला पाय मागायचा हाय की. असला नेलास तर असलाच मिळंल.” मी मेण पुन्हा तापवायला घेतलं, तसा भाऊ म्हणाला, “ऱ्हाऊ दे आक्का. कुणाचा हाय ते संताला कळाय नको व्हय?” मी तसाच नेला. त्याचा पाय शेवटपर्यंत वाकडाच राहिला. मैत्रिणीचं बोलणं अजून मनातून जात नाही.